यादीतली पहिली ओळ

लग्नाची खरेदी म्हटली, की पुण्याचा लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग ठरलेलीच. सगळ्यांच्या याद्या पुऱ्या होतात. आपलं जेवण मात्र उभ्या उभ्या वडापाववर भागतं. का बरं?

तुळशीबागेतच श्रीकृष्ण भुवनची मिसळ आहे. लक्ष्मी रोडला चित्रपट दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी १९३५ साली सुरू केलेलं पूना गेस्ट हाऊस आहे. तिथे साधं मराठी जेवण मिळतं.

"घरी जाऊनच जेवू" म्हणत मीही वर्षानुवर्षं उपाशी परतले. यंदा एकटीच आत शिरले आणि निवांत बसले. दुसऱ्याने गरम वाढावं, आपण फक्त जेवावं, ही काही उधळपट्टी नव्हे!

मैत्रिणींनो, पुढच्या यादीत पहिली ओळ आपल्या जेवणाची लिहा.