दूरवैद्यक आणि स्पर्शपरीक्षा

आंत्रवृद्धीची, म्हणजे हर्नियाची, शस्त्रक्रिया झालेला रुग्ण आता बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातो. मुंबई-पुण्यात जाळी बसवून जव्हार वा संगमेश्वरला परतलेल्या रुग्णास केवळ फेरतपासणीसाठी पुन्हा एस.टी.चा प्रवास घडविणे क्लेशदायक व खर्चिक असते. शल्यचिकित्सकाने भ्रमणध्वनीवरून जखम पाहावी आणि ताप-वेदनांची चौकशी करावी, ही पद्धत म्हणूनच स्वागतार्ह आहे. तिला आधारही आहे. २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर एप्रिलमध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी चिकित्सकांसाठीही तशीच तत्त्वे आली.

तथापि दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न ही त्रिविध परीक्षा आपण सारे शिकलो आहोत. भ्रमणध्वनीवर प्रश्न उत्तम होतो, दर्शन अर्धेमुर्धे होते, स्पर्शन मुळीच होत नाही. शस्त्रक्रियेनंतर जांघेत सूज दिसली, तर तो जाळीभोवती साठलेला द्रव आहे, साकळलेले रक्त आहे की पुन्हा उतरलेली आंत्रवृद्धी, हे छायाचित्रावरून ठरविणे कठीण. खोकताना बोटास धक्का जाणवतो काय, सूज मऊ की कठीण, त्वचा उष्ण आहे काय, हे हातालाच कळते. सावळ्या त्वचेवरील लाली तर मंद दिव्याच्या उजेडात कॅमेऱ्यातून अनेकदा निसटते.

आमचे म्हणणे असे की, हा हात रुग्णाच्या गावच्या वैद्याचा असावा. रुग्णास घरी पाठविताना शल्यचिकित्सकाने त्या वैद्याचा क्रमांक कागदपत्रांवर नोंदवावा. वैद्याने ठरल्या दिवशी रुग्णास तपासून, आपल्या समक्षच शल्यचिकित्सकाशी दूरभेट घडवावी, निष्कर्ष लिहून ठेवावेत आणि आपले शुल्क आधीच सांगावे. सुश्रुताचार्यांनी व्रणिताच्या परिचर्येसाठी सूत्रस्थानात 'व्रणितोपासनीय' हा स्वतंत्र अध्याय योजिला. त्यांच्या वारसांनी हे काम परके का मानावे?

मात्र या भूमिकेस मर्यादा आहेत. टाक्यांवर परस्पर लेप लावणे किंवा चालू औषधे बंद करणे तीत बसत नाही. रुग्णाचे छायाचित्र त्याच्या संमतीविना वैद्यांच्या गटांवर फिरविणेही अनुचित होय. वाढता ताप, जखमेतून पू, लघवी अडणे, कठीण व दुखरी सूज, उलट्यांसह पोट फुगणे, यांपैकी काहीही आढळल्यास दूरभेटीची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात धाडावे. तेथे झालेला विलंब आतड्यावर, प्रसंगी जिवावर बेतू शकतो.

औषधविक्रेत्या बंधूंचेही यात कर्तव्य आहे. मलावष्टंभावर चूर्ण मागणाऱ्यास, 'नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे काय?' एवढे अवश्य विचारावे. ट्रॅमाडोलसारख्या वेदनाशामकाने मलावष्टंभ होतो आणि कुंथण्याने टाक्यांवर ताण येतो. अशा वेळी पुडी देऊन मोकळे होण्याऐवजी वैद्यास कळवावे. उलट्या किंवा पोटफुगी असल्यास रेचक देऊच नये.

दूरवैद्यकामुळे गावचा वैद्य निरुपयोगी ठरेल, ही भीती काही वैद्यबंधू बोलून दाखवितात. आम्हास ती निराधार वाटते. शहरातील तज्ज्ञास जे दुरून करता येत नाही, नेमके तेच आपल्या हाती आहे. आपण पुढे झालो नाही, तर रुग्णाची ती सूज मात्र कोणीच हाताने तपासणार नाही.