शेवटची लढाई कुणाच्या हातात?

"मामी, दोनच मिनिटं! लास्ट बॉस आहे!"

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकू येतं का? मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गडबच्या घरात ते रोज संध्याकाळी ऐकू यायचं. नणंदेचा मुलगा ठाण्याहून आला होता आणि येताना त्याच्या काकाने दुबईहून आणलेलं गेमचं यंत्र घेऊन आला होता. ते टीव्हीला जोडलं की तो आणि आमची तेरा वर्षांची लेक, दोघांनाही तहानभूक नाही. एका रात्री तीन हाका मारून झाल्या, ताटातली भाकरी गार झाली, आणि मी सरळ जाऊन टीव्हीचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. पण आत खेळ चालूच होता म्हणे! परत लावेपर्यंत त्यांचा हिरो मरून पडला होता.

भाचा काही बोलला नाही. मामीला काय बोलणार बिचारा! लेक मात्र ताटावर बसून मुसमुसत राहिली. मला कळेना. खेळत होता तो, रडते ही का?

दुसऱ्या दिवशी हातातलं काम टाकून मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, दाखवा बघू काय असतं ते.

गेमचं नाव 'द लेजंड ऑफ झेल्डा'. जपानच्या निन्टेंडो कंपनीची ही मालिका 1986 पासून चालू आहे. म्हणजे आपल्यापैकी कितीजणी तेव्हा शाळेत असतील! मला वाटलं, त्या तलवारवाल्या मुलाचंच नाव झेल्डा. दोघंही खो-खो हसली. मुलाचं नाव लिंक. झेल्डा ही राजकन्या, आणि शेवटचा दुष्ट तो गॅनन. मालिकेला नाव तिचं आणि तलवार त्याच्या हातात, हे मला तिथेच खटकलं.

भाचा खेळत होता तो भाग 2017 सालचा, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. गॅननच्या किल्ल्यात तुम्ही अगदी सुरुवातीलाही घुसू शकता, कोणी अडवत नाही. पण मग सगळं एकट्याने निस्तरायचं. त्याऐवजी आधी रानावनात फिरून चार साथीदारांना सोडवलंत, तर शेवटी ते चौघं एकदम वार करून गॅननची निम्मी ताकद काढून घेतात. आणि हा वीर जाताना शिदोरी घेऊन जातो बरं का! भांड्यात मशरूम, मासे, फळं शिजवायची आणि बांधून न्यायची. ड्युरियन म्हणून आपल्या फणसासारखं काटेरी फळ आहे, ते शिजवून खाल्लं की अंगात जास्तीची ताकद येते. कुठलं फळ कशात घालायचं, हे सगळं आमच्या लेकीला तोंडपाठ. घरात साधी डाळ फोडणीला टाकायला सांगितली की हिचं डोकं दुखतं, ते वेगळं!

तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्वयंपाक तिचा. नकाशा तिच्या डोक्यात. "दादा, डावीकडे! आता मार!" हेही तीच. रिमोट (कंट्रोलर म्हणायचं, रिमोट नाही, अशी मला ताकीद आहे) मात्र सतत दादाच्या हातात. तू सांग, मी खेळतो, असा दोघांचा करार. आणि गंमत बघा, खेळातही तेच! झेल्डा शंभर वर्षं त्या किल्ल्यात गॅननला एकटीने थोपवून धरते. शेवटी मोकळ्या माळावर तो अक्राळविक्राळ होऊन येतो, तेव्हा लिंकला प्रकाशाचं धनुष्य देते तीच आणि नेम कुठे धरायचा तेही तीच सांगते.

मग मला चटकच लागली. भाच्याने मोबाईलवर जुन्या भागांच्या शेवटच्या लढायांचे व्हिडिओ दाखवले. मी राक्षसाकडे कमी आणि झेल्डाकडे जास्त बघत होते. पहिल्या भागात ती नुसती आगीमागे कोंडलेली. गॅनन तिथे दिसतच नाही, अंदाजाने तलवार चालवायची आणि शेवटी चांदीचा बाण सोडायचा. 1998 च्या 'ऑकरिना ऑफ टाइम'मध्ये किल्ला कोसळत असताना बंद दारं उघडत ती पुढे धावते. नंतर लिंकची तलवार आगीच्या रिंगणाबाहेर उडते आणि खालीच श्वास अडकतो. शेवटचा घाव घालता यावा म्हणून त्या पशूला जखडून धरते तीही झेल्डाच. 2006 मध्ये घोड्यावर लिंकच्या मागे बसून बाण सोडते. 2023 च्या भागात तर ती ड्रॅगन झालेली असते आणि लिंकला पाठीवर घेऊन लढाईत उतरते.

पण मला सगळ्यात आवडली ती 2002 ची, 'द विंड वेकर'मधली. जुनं राज्य समुद्राच्या तळाशी बुडालेलं आहे. तो गॅनॉनडॉर्फ (गॅननचंच हे माणसातलं रूप) लढण्याआधी चक्क मन मोकळं करतो. त्याचा देश वाळवंटातला. तिथला वारा दिवसा भाजून काढायचा, रात्री गारठवायचा, मरण घेऊन यायचा. आणि शेजारच्या हिरव्या राज्यात तोच वारा वेगळं काहीतरी आणायचा. त्या वाऱ्याचाच त्याला लोभ सुटला. हे ऐकून मी गप्पच झाले. आम्ही खारेपाटातली माणसं. खारा वारा काय असतो आणि दुसऱ्याच्या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शेताकडे बघून पोटात काय होतं, हे आम्हाला सांगायला नको. पुढे राजा मागणं मागतो की ते बुडालेलं राज्य कायमचं वाहून जाऊ दे, या पोरांना त्यांचं नवं आयुष्य मिळू दे. चारी बाजूंनी समुद्र आत कोसळतो आणि त्या पाण्यात शेवटची झुंज होते. झेल्डा बाण सोडते, लिंक तलवार चालवतो. सासूबाई मागे वाल सोलत बसल्या होत्या. उधाणाला बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलेलं त्यांनी पाहिलंय. त्या एवढंच म्हणाल्या, "शेत गेलं गो त्यांचं."

काहीजणी म्हणतील, डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मारामारीच ती. खरं आहे. आमच्याकडेही तासाभराच्या वर परवानगी नाही. पण मुलांना 'बंद कर' म्हणण्याआधी एकदा बसून बघा, की रिमोट कुणाच्या हातात आहे आणि शेजारी बसून नुसतं सांगतंय कोण. मुलगा यंत्र मागतो, मुलगी त्याच्याकडे 'एक चान्स' मागते. घरोघरी हेच.

बाहेर आता बदलतंय. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये आला. सर्कशीतली मुलगी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन धाकट्या भावाला सोडवायला निघते आणि शेवटी थेट महाबलासुराशी भिडते. शेवट घाईत गुंडाळल्यासारखा वाटतो, पण भिडते ती! आणि 2024 मध्ये खुद्द झेल्डाला, 'एकोज ऑफ विज्डम'मध्ये, पहिल्यांदा तिच्या नावाच्या मालिकेत नायिका केलं गेलं. त्याच्या दिग्दर्शकांत तोमोमी सानो ही बाई होती, मालिकेतली पहिलीच. तरी एक कुरकुर करतेच. शेवटच्या लढाईआधी झेल्डा लिंकची तलवार त्याला परत देऊन टाकते आणि स्वतः वस्तूंच्या, प्राण्यांच्या प्रतिकृती उभ्या करून लढते. भाचा म्हणतो, तीच तर तिची खरी शक्ती. असेल. पण एवढ्या वर्षांनी हातात आलेली तलवार मी नसती बाई दिली.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री मी भाच्याला म्हटलं, आज तू नकाशा बघ. तो कुरकुरला, पण सरकला. लेक तीनदा हरली. दादाच्या सूचना चालूच होत्या, चौथ्यांदा तिने त्याला गप्प बसवलं. पीठ मळलेलं तसंच झाकून मी दारात उभी होते. गॅनन कोसळला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "मेला का गो तो?"

"मेला आजी," ती कंट्रोलर न सोडता म्हणाली. "ती झेल्डा शंभर वर्षं जागी होती. आता झोपू दे तिला."

आणि मग स्वतःच भूक लागली म्हणून ओरडायला लागली.