आधी लघवी नीट तपासा, मग फोटो काढा

तान्ह्या मुलाला ताप येतो, लघवीत जंतू सापडतात, औषधाने ताप उतरतो आणि घरी सोडताना कागदावर एक ओळ लिहून मिळते : ‘एमसीयू करून घेणे’, म्हणजे मूत्राशयात डाय भरून एक्स-रे काढणे. पहिल्याच युरिन इन्फेक्शननंतर सरसकट दिला जाणारा हा सल्ला बंद झाला पाहिजे.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडायला हवी. काही मुलांमध्ये मूत्राशयातली लघवी उलटी किडनीकडे चढते. याला रिफ्लक्स म्हणतात. तापासह युरिन इन्फेक्शन झालेल्या लहान मुलांपैकी साधारण तिघांत एकाला तो असतो. १९६० मध्ये हॉडसन आणि एडवर्ड्स यांनी रिफ्लक्स आणि किडनीचा जुनाट दाह यांचा संबंध दाखवला आणि त्यावर एक साखळी रचली गेली. रिफ्लक्स शोधा, रोज थोडं अँटिबायोटिक देत राहा. इन्फेक्शन टळेल, व्रण टळतील, मोठेपणचं ब्लडप्रेशर आणि डायलिसिसही टळेल. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९९ मध्ये दोन महिने ते दोन वर्षांच्या मुलांसाठी सोनोग्राफीच्या जोडीला एमसीयूही सांगितली, ती याच विचाराने. हेतूबद्दल शंकाच नाही. पण साखळीची एकेक कडी ओढून पाहायचं काम बरंच उशिरा झालं.

ते झालं तेव्हा काय दिसलं? निरनिराळ्या चाचण्यांचे आकडे एकत्र पाहून त्याच अकादमीने २०११ मध्ये आपला सल्ला बदलला : पहिल्या इन्फेक्शननंतर सोनोग्राफी पुरे, एमसीयू सरसकट नको. पुढे २०१४ मध्ये ‘रिव्हर’ नावाच्या अमेरिकन चाचणीचे निष्कर्ष आले. रिफ्लक्स असलेली ६०७ मुलं, निम्म्यांना रोज अँटिबायोटिक, निम्म्यांना नुसतं दिसायला तसंच औषध, दोन वर्षं. औषध घेणाऱ्यांत पुन्हा इन्फेक्शन निम्म्यावर आलं, हे मान्यच करायला हवं. पण ज्यासाठी सारा खटाटोप, ते किडनीवरचे व्रण? औषध घेणाऱ्यांत ११.९ टक्के, न घेणाऱ्यांत १०.२ टक्के. म्हणजे फरक नाहीच. उलट औषध चालू असताना ई-कोलायचं इन्फेक्शन झालंच, तर त्यातले ६३ टक्के जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते; दुसऱ्या गटात हे प्रमाण १९ टक्के होतं.

तरी म्हणणारे म्हणतात, ‘रिफ्लक्स आहे की नाही हे कळलेलं काय वाईट?’ कळण्याची किंमत मूल मोजतं, म्हणून वाईट. एमसीयूच्या टेबलावर काय चालतं ते पाहा. मुलाला उताणं झोपवतात, हातपाय धरून ठेवतात. लघवीच्या जागेतून बारीक नळी मूत्राशयात सरकवतात, तीतून डाय सोडतात. मूत्राशय तट्ट फुगेपर्यंत थांबायचं आणि मूल शू करत असताना एक्स-रे घ्यायचे. तान्हं बाळ रडून थकतं. अडीच-तीन वर्षांचं, नुकतंच शू सांगायला शिकलेलं मूल अनोळखी माणसांसमोर मुद्दाम शू रोखून धरतं आणि सगळा प्रकार लांबतो. अंगावर किरणं पडतात ती वेगळीच. नळीमुळे नवं इन्फेक्शन होण्याची भीतीही असते, म्हणून तपासणीच्या आगेमागे अँटिबायोटिक द्यावं लागतं. एवढं करून हाती लागतो तो बहुधा सौम्य रिफ्लक्स, मूल वाढताना पुष्कळदा आपोआप जाणारा. पण ‘किडनीचा दोष’ हा शिक्का एकदा बसला की आईवडील वर्षानुवर्षं धास्तावलेले राहतात.

आता दुसऱ्या टोकाचं म्हणणं : मग फोटोच नकोत. हेही मला पटत नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या सल्ल्यानुसार सहा महिन्यांपुढचं मूल पहिल्या इन्फेक्शनमधून ४८ तासांत सावरलं, तर सोनोग्राफीही लागत नाही. गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाचे दोष आधीच दिसून गेले असतील, तर हे चालेल; पण आपल्याकडे प्रत्येक आईची ती सोनोग्राफी वेळेवर आणि नीट झालेली असते, असं धरून चालता येणार नाही. सोनोग्राफीत ना सुई, ना किरणं. ती रिफ्लक्स पकडण्यात कच्ची आहे हे खरं. पण अडलेली लघवी, फुगलेली किडनी, जाड झालेलं मूत्राशय ती दाखवते. मुलग्याची लघवीची धार बारीक असेल, थेंबथेंब होत असेल, तर मूत्रमार्गात जन्मजात पडदा असू शकतो. तिथे एमसीयू टाळणं हा अपराध ठरेल.

इंडियन सोसायटी ऑफ पेडिॲट्रिक नेफ्रॉलॉजी पूर्वी वर्षाच्या आतल्या बाळांना सोनोग्राफी, एमसीयू आणि किडनीवरचे व्रण दाखवणारा डीएमएसए स्कॅन अशा तिन्ही तपासण्या सांगत असे. तिच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना पहिल्या इन्फेक्शननंतर सोनोग्राफी सगळ्यांना सांगतात. एमसीयू मात्र सोनोग्राफीत दोष दिसला, इन्फेक्शन पुन्हा झालं किंवा दोन वर्षांखालच्या मुलाला ई-कोलाय सोडून दुसऱ्या जंतूचं इन्फेक्शन झालं तरच. देशातल्या तज्ज्ञांनीच हे सांगितल्यावर जुनी सवय कशाच्या जोरावर चालू ठेवायची?

खरं दुर्लक्ष होतं ते लघवीच्या नमुन्याकडे, आणि माझा सगळा आग्रह तिथे आहे. बाळाला चिकटपट्टीची पिशवी लावतात, ती तासभर तशीच राहते, कातडीवरचे आणि शीतले जंतू त्यात मिसळतात. अशा नमुन्याचं कल्चर निगेटिव्ह आलं तर उपयोगाचं. पॉझिटिव्ह आलं तर त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कधीकधी अँटिबायोटिकचे दोन डोस पोटात गेल्यावर कल्चर पाठवतात. मग इन्फेक्शन होतं की नव्हतं हेच कधी कळत नाही आणि त्या न ठरलेल्या निदानावर पुढच्या तपासण्या रचल्या जातात. नमुना डोसाआधी घ्यायचा आणि स्वच्छ घ्यायचा. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये एक साधा उपाय तपासला गेला : थंड द्रवात भिजवलेलं गॉज बाळाच्या ओटीपोटावर हलकं चोळायचं. पाच मिनिटांत शू करणारी बाळं १२ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर गेली. धार उडाली की वाटी खाली धरायची. तेही जमलं नाही तर नळीने नमुना घ्यावा. ही नळी मिनिटभराची आणि तिच्यावर उपचार ठरतो, म्हणून तिला माझा विरोध नाही.

यात वेळेला फार किंमत आहे. ताप चढल्यापासून औषध सुरू होईपर्यंत जितका उशीर, तितकी व्रणांची शक्यता वाढते. एकदा इन्फेक्शन झालेल्या मुलाला पुन्हा ताप आला आणि सर्दी-खोकला काही नसला, तर त्याच दिवशी लघवी तपासून घ्या, हे आईवडिलांना बजावून सांगायला हवं. मूल दिवसदिवस शी करत नाही का, खेळाच्या नादात शू दाबून धरतं का, हेही विचारायला हवं. बद्धकोष्ठ असलेल्या मुलांना इन्फेक्शन पुन्हापुन्हा होतं, आणि ते कोणत्याही एक्स-रेपेक्षा आईला विचारूनच लवकर कळतं.