भीतीचा पत्ता

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण हल्ली मेंदूविज्ञानाचा कोट घालून फिरते. आजी म्हणायची, 'तो जन्माचाच भित्रा.' नातू म्हणतो, 'माझा अमिग्डाला जास्त सक्रिय आहे.' निकाल तोच: मी असाच, विषय संपला.

मेंदूवरची लोकप्रिय पुस्तके मी मराठीत आणते. त्यांत अमिग्डाला म्हणजे 'भीतीचे केंद्र' हे ठरलेलेच. ज्यांच्या संशोधनामुळे तो प्रसिद्ध झाला ते जोसेफ लेडू मात्र गेली अनेक वर्षे सांगताहेत, की हा भाग धोका ओळखून शरीराला सावध करतो. 'मला भीती वाटते' ही जाणीव घडायला मेंदूचे इतर भाग, आठवणी, भाषा लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तिघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड श्वासातून दिला. तिघीही प्रचंड घाबरल्या. त्यांतली एक तर साप बिनधास्त हातात धरणारी! मग ही भीती कुठल्या केंद्रातून आली?

हे अनुवादकाने का बोलावे? कारण एका संपादकांनी माझ्या मजकुरातली धास्ती, धाकधूक, घोर, काळजी सगळी खोडून एकच शब्द घातला: 'अँग्झायटी'. म्हणे शास्त्रीय वाटते. अहो, निकालाआधी होते ती धाकधूक. मुलगी रात्री घरी पोचली नाही की जिवाला लागतो तो घोर. एकदा पोळल्यावर घेतली जाते ती धास्ती. हा फरक पुसला की वाचकाच्या हाती आजाराचे नाव तेवढे उरते, आणि तेच तो स्वतःची ओळख म्हणून सांगू लागतो.

मराठीत भीती 'मला' वाटते. तमिळमध्ये 'एनक्कु', बंगालीत 'आमार भय करछे'. ती येते, जाते. तिचा कर्ता मी नाही. 'मी चिंताग्रस्त व्यक्ती आहे' हे इंग्रजी साच्यातले वाक्य तिला कायमचे घर देते. व्याकरणाने कुणी बरे होत नाही, ठाऊक आहे. गोळ्यांनी, समुपदेशनाने अनेकजण बरे होतात; मग घरचे म्हणतात, 'हा वेगळाच झाला की!' म्हणजे ज्याला इतकी वर्षे स्वभाव म्हटले, त्यातली बरीचशी धास्तीच होती. 'मी असाच' म्हणणारा मात्र डॉक्टरकडे जातच नाही.

यापुढे मूळ पुस्तकात 'भीतीचे केंद्र' आले, तर खाली माझी टीप असेल. ती कापायची असेल, तर अनुवादक म्हणून माझे नावही कापा.