डावे-उजवे

परीक्षेचा निकाल घेऊन मुलगा दारात येतो, तेव्हा त्याच्या कानी पहिला प्रश्न कोणता पडतो? "तुला काय आले?" असा नव्हे, तर "त्याला किती मिळाले?" असा. हा 'तो' म्हणजे कधी शेजारचा, कधी मावशीचा, कधी कचेरीतील सहकाऱ्याचा मुलगा. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे' या म्हणीला आम्ही आजवर हसत आलो. परंतु त्या पक्षपातात निदान माया तरी होती. आजच्या सुशिक्षित घरांत म्हण उलटली आहे. दुसऱ्याचा तो बाब्या आणि आपले ते कार्टे! यालाच कोणी प्रगती म्हणत असेल, तर ती आम्हांस नको.

तुलना हा मनुष्यस्वभाव आहे, हे आम्ही नाकारीत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली या स्वभावाची मीमांसा केली. आपले मत व सामर्थ्य अजमावण्यास वस्तुनिष्ठ माप जेथे मिळत नाही, तेथे मनुष्य इतरांशी, आणि तेही बहुधा आपल्यासारख्यांशीच, स्वतःला ताडून पाहतो, असा त्यांचा सिद्धान्त. आमचा आक्षेप येथूनच सुरू होतो. विद्येच्या प्रांतात माप हाताशी आहे. मुलास समीकरण सुटते की नाही, उतारा वाचून त्याचा अर्थ सांगता येतो की नाही, हे त्याला जवळ बसविले असता अर्ध्या तासात कळण्यासारखे आहे. ते श्रम टाळण्यासाठीच आम्ही शेजाऱ्याच्या मुलाचा गज करून आपल्या मुलास मापतो!

जे.ई.ई. मेनचा निकाल २०१९ पासून पर्सेंटाइलमध्ये लागतो. पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी किती परीक्षार्थी आपल्या मागे वा बरोबरीस राहिले याची मोजणी. विषय किती कळला याची नव्हे. सगळ्यांचेच अज्ञान सारखे वाढले, तरी पर्सेंटाइल जागचे हलणार नाही. "जागा थोड्या, इच्छुक फार, मग क्रम नको काय?" असे कोणी विचारील. दारावर गर्दी असेल तेथे क्रम लावावाच लागतो, हे खरे. पण क्रम म्हणजे रांगेतील जागा. माणसाची किंमत नव्हे. महाविद्यालयाच्या दारावरचा हा हिशेब आम्ही घरात माजघरापर्यंत आणला, हा अपराध परीक्षेचा नव्हे, आमचा आहे.

"तुलनेने ईर्षा जागते," हे दुसरे समर्थन. जागते खरी, पण ती समाधान खाऊन. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधील विजेत्यांच्या मुद्रा चित्रफितींवरून तपासून अमेरिकन संशोधकांनी १९९५ साली दाखविले, की रौप्यपदक मिळविणाऱ्यांपेक्षा कांस्यपदकाचे मानकरी अधिक आनंदी दिसत होते. एकाची दृष्टी हुकलेल्या सुवर्णाकडे, दुसऱ्याची रिक्तहस्ते परतणाऱ्या चौथ्याकडे! जगात दुसरा आलेला मनुष्य जेथे खिन्न होतो, तेथे वर्गात सातव्या आलेल्या पोराची काय कथा? जेथे हरण्याचे भय, तो विषयच तो सोडून देतो. मग त्यात त्याला कितीही गोडी असो.

वाचकहो, तुलनाच करावयाची असेल, तर गतवर्षीच्या मुलाशी यंदाच्या त्याच मुलाची करावी. काल न सुटलेले गणित आज सुटले काय, एवढेच विचारावे. त्यासाठी शेजाऱ्याचा निकाल लागत नाही. मुलाची वही उघडावी लागते. ती आपण शेवटची कधी उघडली होती, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.