पंच कोणाचा?

अमेरिकेतील अनेक राज्यांत निवडणुकांचा सर्वोच्च अधिकारी, म्हणजे तेथील ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’, हा स्वतःच पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. आमच्या वैशाली नगरात सायंकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना हे सांगितले की ती मनसोक्त हसतात. खेळाडूनेच शिट्टी वाजवायची, हा कसला खेळ?

हसण्यासारखे आहे हे खरेच. 2000 साली फ्लोरिडात 537 मतांच्या फरकावर राष्ट्राध्यक्ष ठरला आणि त्या निकालावर शिक्कामोर्तब करणाऱ्या कॅथरीन हॅरिस बुश यांच्या तेथील प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या. 2018 मध्ये जॉर्जियाचे ब्रायन केम्प राज्यपालपदाचे उमेदवारही होते आणि निवडणूक खात्याचे प्रमुखही. तथापि, आपल्याला हसण्याचा अधिकार किती, हे तपासायला फार दूर जावे लागत नाही. गोव्यापर्यंत गेले की पुरे.

विधानसभा-लोकसभेची निवडणूक दिल्लीचा आयोग घेतो. पंचायती आणि पालिकांची मात्र राज्य निवडणूक आयोग. भिलाई महापालिकेचे डिसेंबर 2021 चे मतदान या दुसऱ्या व्यवस्थेखालीच झाले. 1993 पासून घटनेने या आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाइतके संरक्षण दिले आहे. गोवा सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये हे पद कोणाला दिले? आपल्याच विधी सचिवाला, आणि तेही ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून! सकाळी मंत्र्यांपुढे फाईल ठेवायची आणि दुपारी त्याच मंत्र्यांच्या पक्षाच्या निवडणुकीत निःपक्ष व्हायचे. प्रभाग आरक्षणावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 12 मार्च 2021 रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या पीठाने ही घटनेची थट्टा असल्याचे बजावले आणि सरकारी पदावरील व्यक्तीला देशात कोठेही राज्य निवडणूक आयुक्त करता येणार नाही, असा आदेश दिला.

आदेश उत्तम; परंतु त्याने अर्धेच दार बंद केले. सेवेतील सचिव गेला, निवृत्त सचिव राहिला. त्याला निवडते तेच मंत्रिमंडळ. राज्यपालांची सही शेवटी येते. मी स्वतः पन्नाशी ओलांडलेला अधिकारी आहे. निवृत्तीची तारीख दिसू लागली की आमच्या बिरादरीत कोणत्या पदांची चर्चा सुरू होते, आणि टिपणातील भाषा कशी मवाळ होत जाते, हे मला कोणी सांगायला नको. अर्थशास्त्रात याला प्रोत्साहनाचा प्रश्न म्हणतात. बक्षीस ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध निर्णय महाग पडतो.

दिल्लीत तरी वेगळे काय आहे? 2 मार्च 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायदा होईपर्यंत, निवड समितीत पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेत्यासोबत सरन्यायाधीशांना बसवले. त्याच वर्षी डिसेंबरात संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री आणला. दोन विरुद्ध एक, हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल.

अमेरिकन पद्धतीचा एक गुण आपण पाहत नाही. तेथे पक्षनिष्ठा मतपत्रिकेवर छापलेली असते. आपल्याकडे ती ‘तटस्थ प्रशासना’च्या कोटाखाली झाकलेली. जानेवारी 2021 मध्ये ट्रम्प यांनी फोनवरून 11,780 मते ‘शोधायला’ सांगितली, तेव्हा नकार देणारे ब्रॅड रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांची खुर्ची मतदारांनी दिलेली होती, फोन करणाऱ्याने नव्हे. (2022 मध्ये मतदारांनी ती पुन्हा दिली.) म्हणून आपण आयुक्त निवडून आणावेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही, हॅरिसबाई विसरून चालणार नाही.

माझी मागणी साधी आहे. राज्य आयुक्ताची निवड मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेता आणि उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती यांनी एकत्र बसून करावी. त्या राज्याच्या सेवेतून निवृत्त झालेल्याला पाच वर्षे त्या खुर्चीजवळ फिरकू देऊ नये, आणि ती सोडल्यावर त्याला कोणतेही शासकीय पद मिळू नये. यावर आमच्याच सेवेतील मित्र सर्वांत आधी रागावतील. रागवोत बापडे.