महागाई व घरची वही

महागाईची चर्चा सध्या घरोघरी चालते. परंतु ती मुले निजल्यावर, दबल्या आवाजात चालते. पैशाची ददात मुलांच्या कानी जाऊ नये अशी आईबापांची इच्छा असते, व तिच्या मुळाशी प्रेमच असते, हे आम्ही जाणतो. तथापि ही चाल चुकीची आहे असे आमचे मत झाले आहे. मुलास बेरीज-वजाबाकी येऊ लागली की घराचा जमाखर्च त्याच्यापुढे उघडा असावा. आणि ओढगस्तीच्या दिवसांत तर तो अवश्य असावा.

प्रथम हिशोबाची गोष्ट. २०१६ साली रिझर्व बँकेस कायद्याने जे धोरण लावून देण्यात आले, त्यात भाववाढ वर्षास शेकडा ४ च्या आसपास राखावी, फार तर ती ६ पर्यंत जावी, असे ठरले. शेकडा ६ हा आकडा ऐकावयास लहान वाटतो. परंतु दरसाल ६ टक्क्यांनी वाढणारी किंमत १२ वर्षांत दुप्पट होते. (चक्रवाढ व्याज शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हे स्वतः करून पाहावे, आम्ही सांगतो म्हणून मानू नये.) म्हणजे मूल पहिलीत दाखल झाल्यापासून बारावी उतरेपर्यंत, कोणतेही संकट न येताही, शंभराच्या जिनसेस दोनशे मोजण्याची पाळी येऊ शकते. त्या अवधीत घरची मिळकत दुप्पट झाली नाही तर ते घर, कोणाचाही दोष नसता, मागे पडले.

त्यातही सगळी महागाई एका जातीची नव्हे. २०२३ च्या जुलै महिन्यात टोमॅटो किलोस शंभर रुपयांच्या वर गेले, तेव्हा पुष्कळ आरडाओरड झाली. परंतु आमटीस आंबटपणा चिंचेने किंवा आमसुलाने येतो, हे आमच्या आज्यांस ठाऊक होते. आणि पुढे ते भाव उतरलेही. तेलाचे तसे नाही. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले, त्याच वर्षी इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद ठेवली, आणि त्याची झळ आपल्या चुलीपर्यंत पोहोचली. फोडणीस तेलावाचून दुसरे काय घालणार? आणि घरभाडे, शाळेची फी, औषध यांचे भाव एकदा चढले म्हणजे टोमॅटोप्रमाणे उतरत नाहीत. म्हणून चार दिवस कळ काढावी असा खर्च कोणता आणि संसाराची घडीच बदलावी असा कोणता, हे ओळखले पाहिजे. ते वहीवाचून ओळखता येत नाही. उन्हाळ्यात वर्षाच्या गव्हातांदळाची बेगमी करणारी गृहिणी हे जाणून असते. ज्या घरी रोजच्या रोज पुडीने वाणसामान येते, त्या घरी ही सवड नसते. आणि गरिबास तीच वस्तू महाग पडते ती अशी.

कर्जाविषयी थोडेच लिहितो. खाजगी सावकाराचे ‘शेकडा पाच’ हे बहुधा महिन्याचे असतात. दहा हजारांवर महिन्यास पाचशे, वर्षास सहा हजार. आणि मुद्दल जागच्या जागी! शाळेच्या सहलीसाठी असे पैसे काढणारे एक पालक आमच्या माहितीत आहेत. मुलास ते मागाहून कळले, तेव्हा तो म्हणाला, “मला विचारले असते तर मी गेलोच नसतो.” बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा प्रभूचा दृष्टान्त आपण मंदिरात ऐकतो. घरी तसे बसताना मुलासही जवळ बसवावे, एवढेच आमचे मागणे आहे.

कोणी म्हणतील, कोवळ्या जिवांवर चिंतेचा भार कशाला? परंतु मुले भिंतीपलीकडून सारे ऐकत असतात. ऐकलेल्या अर्ध्या गोष्टीचे भय पुरत्या गोष्टीपेक्षा मोठे असते. मात्र दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. जेथे मिळकतच अपुरी आहे तेथे वहीतून पैसा उत्पन्न होत नाही. तेथे काटकसरीचे धडे देणे हा अपमान होय. आणि आम्ही शिक्षकांनीही आपली वही तपासावी. ‘फक्त शंभर रुपये’ म्हणून जी चिठ्ठी आम्ही आज एका उपक्रमासाठी व उद्या दुसऱ्यासाठी घरी धाडतो, तिची वर्षाअखेर बेरीज कोणी केली आहे काय?

या मताकडे आम्हांस वळविणारी एक गोष्ट येथे सांगतो. नाव व इयत्ता सांगण्याचे कारण नाही. आम्ही एका वर्गास घरचा महिन्याचा खर्च लिहून आणावयास सांगितले होते; मिळकत लिहू नये अशी ताकीद दिली होती. एका मुलीने हौसेने दोन महिन्यांचा खर्च आणला. पहिल्या महिन्यापेक्षा दुसऱ्यात ‘औषध’ या सदराखालील रक्कम बरोबर निम्मी होती. आम्हांस वाटले, बेरजेत चूक असावी. तिला एकीकडे बोलावून विचारले, तेव्हा ती खाली पाहून म्हणाली, “चूक नाही, सर. आई रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेते.” वडिलांस हे ठाऊक नव्हते. घरात काटकसर चालली आहे व ती उत्तम चालली आहे, असे ते समजत होते. महागाईत पहिली कात्री कोठे लागते, हे ज्या घरी वही नाही तेथे कोणासच दिसत नाही. कारण ती लावणारी बाई बोलत नाही.

आम्ही त्या मुलीस एवढेच सांगितले की, ही वही आज रात्री घरी सर्वांसमक्ष मोठ्याने वाच. पुढील महिन्यात ती वही पुन्हा आमच्याकडे आली. औषधाची रक्कम पूर्ववत झाली होती. ‘बाहेरचा चहा व नाश्ता’ या ओळीवर काट मारलेली होती, आणि ती काट मुलीच्या हातची नव्हती.